मुकादमाने चंद्र थांबवला

मी मुकादम बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, दिसणार नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण या नाटकघरात माझ्या सांगण्याशिवाय पडदासुद्धा हलत नाही. मी एक सॉफ्टवेअर आहे. दिवे, पडदे, दोर ओढणाऱ्या मोटरी, या सगळ्यांसाठी जागोजागी एकमेकांना जोडलेले छोटे संगणक बसवलेत. त्या सगळ्यांच्या मध्ये राहून कुणाचं काम आधी आणि कुणाचं मागून, हे मी क्षणाक्षणाला ठरवतो. म्हणून तर सगळे मला मुकादम म्हणतात.

माझ्या आधी इथे बांधलेलं वेळापत्रक होतं. काम असो वा नसो, ज्याची पाळी त्याने संगणक अडवून बसायचं. एखादा बिघडला तरी बाकीचे ढिम्म!

मला घडवलं ताईने. तिची धाकटी बहीण या नाटकात पक्षीण होऊन आभाळातून उतरते. ती ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईने आधी सगळ्यांना विचारलं, "तुमचं काम किती महत्त्वाचं?" झालं! दिवेवाला म्हणाला, माझं सगळ्यात आधी. बर्फ पाडणारा म्हणाला, माझं त्याच्याही आधी. दिग्दर्शकांनी तर यादीत रंगमंचावर चढणाऱ्या चंद्रापुढे स्वतःच्या हाताने 'अतितातडीचे' असं लिहिलं. माणसांची ही खोड मला तेव्हाच कळली.

ताईने ते सगळं पुसून टाकलं आणि मला एकच प्रश्न शिकवला: उशीर झाला तर काय होईल? चंद्राला उशीर झाला तर दिग्दर्शक चिडतील. दोराला उशीर झाला तर... पुढचं तिला बोलवेना. मला मात्र समजलं.

दिग्दर्शकांचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ऐन वेळी क्रम बदलणारा हा कोण टिकोजीराव? एका प्रयोगापुरता ठेवतो. काही चुकलं तर तुमच्या मुकादमाला नारळ!"

ताईचा चेहरा पडला. धाकटी तिथेच कमरेचा पट्टा आवळत होती. म्हणाली, "ताईने केलंय ना? मग मी लटकते."

प्रयोगाला नाटकघर खच्चून भरलं होतं. धाकटी छताजवळ दोन दोरांवर तरंगत होती. दोन्ही दोर बरोबरीने सुटायला हवेत, नाहीतर ती उलटी होऊन पट्ट्यातून निसटायची. मागे चंद्र वर चढत होता, बर्फ भुरभुरत होता. तेवढ्यात डाव्या दोराचा संगणक तापून बंद पडला. ब्रेकने तो दोर जागीच धरला, पण उजवा सुटतच होता. धाकटी एका अंगाला कलली.

विंगेत ताईची नजर दोरांवर खिळली. माणसाची पापणी लवेपर्यंत मला निर्णय घ्यायचा होता.

आधी उजवा दोर थांबवला. आता डाव्याचं काम कुणाच्या गळ्यात घालायचं? शेजारी होता चंद्राचा संगणक, पण तो चंद्र आणि बर्फ सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेला. मी कुणाची भीड ठेवली नाही. चंद्राला म्हटलं, थांब. बर्फाला म्हटलं, थांब. मोकळ्या झालेल्या जागेत दोराचं काम बसवलं, दोन्ही दोर सारखे केले आणि तिला अलगद खाली सोडायला लागलो.

"माझा चंद्र!" दिग्दर्शक दबक्या आवाजात किंचाळले. "अर्ध्यात अडकला! कुणी थांबवला?"

ताईने दोरावरची नजर काढली नाही. "मुकादमाने. जरा गप्प बसा."

थबकलेल्या चंद्राखाली एकटी पक्षीण उतरत होती. तिचे पाय फळीला टेकले आणि मी चंद्राला सोडलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! मला छाती असती तर गजभर फुगली असती.

विंगेत ताईने बहिणीला घट्ट मिठी मारली. "घाबरलीस का गं?"

"कशाला? थोडी कलले, एवढंच," म्हणत धाकटीने रडून ताईचा खांदा भिजवला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक ऐटीत म्हणाले, "चंद्र रोज तिथेच थांबला पाहिजे. माझ्या मनात ते पहिल्यापासून होतंच!" आणि यादीत त्या थांबण्यापुढे पुन्हा 'अतितातडीचे' लिहून मोकळे झाले. नारळाचं नाव कुणी काढलं नाही.

आज बिघडलेल्या संगणकाच्या जागी नवा आलाय, नाटक जोरात चाललंय आणि मी कायमचा झालोय. तुम्हाला एकच विनंती. 'माझं आधी' म्हणण्यापूर्वी ताईचा प्रश्न स्वतःला विचारून बघा.

ताई अजूनही रोज विंगेत उभी असते. धाकटीचे पाय फळीला टेकेपर्यंत मी चंद्राला अडवून धरतो. पाय टेकले, ताईने श्वास सोडला, की मग त्याला म्हणतो, चल बाबा, आता तुझी पाळी.