जुन्या फ्लॅगचा एकच वापर

कोणतं काम कुठल्या सर्व्हरवर चालवायचं हे ठरवणारं टूल उणकलच्या त्या ऑफिसात तयार होई, आणि त्यातल्या प्रत्येक कमांडची तऱ्हा न्यारी. जॉबचं, म्हणजे त्या कामाचं, नाव द्यायला एकीला 'जे' हा फ्लॅग, कमांडला जोडायची खूण, लागे; दुसरीला 'आयडी', तिसरीला 'नेम'. वेदश्रीनं सगळीकडे एकच करायचं ठरवलं: 'जॉब'.

जुना फ्लॅग सलग तीस दिवस कुणी वापरला नाही तरच काढायचा, हा नियम श्रीवत्सचा. तो तिच्या शेजारी बसायचा. मार्चमध्ये वारला.

'आयडी', 'नेम' शून्यावर आले. 'जे' मात्र सुट्ट्या सोडून रोज चारच्या सुमाराला एकदा येई. वेदश्रीच्या चाचणीच्या जॉबची स्थिती काय, एवढंच विचारून जाई. लॉगमध्ये, कुणी काय चालवलं त्या नोंदीत, मशीनचं नाव श्रीवत्सच्या लॅपटॉपचं.

"कुणीतरी आपोआप चालणारं स्क्रिप्ट लावून ठेवलंय, अक्का," शेजारची जयलक्ष्मी म्हणाली.

"स्क्रिप्ट दसऱ्याची सुट्टी घेतं होय?"

"मग लॅपटॉप बघ की!"

लॅपटॉप ऑफिसच्या कपाटातच होता. कमरीपेठेतून त्याचे अप्पा आणून देऊन गेले होते. डिस्क तेव्हाच काढलेली.

टीमप्रमुख नारायण अण्णा वैतागले. "एका वापरापायी रिलीज अडवतेस? शुक्रवारी काढून टाक. यार केळ्तार? कोण विचारतंय?"

विचारणारं कुणीतरी होतं, हीच तर पंचाईत. फ्लॅग काढला की ती विचारपूसही जाणार. भीती वाटायला हवी होती. तिला वाटली ती चार वाजता काहीच न येण्याची.

शुक्रवारी तिनं 'जे' काढला. चारला लॉगमध्ये उमटलं: अनोळखी फ्लॅग. सोमवारी काही नाही. मंगळवारी नाही.

बुधवारी चार वाजता कुणीतरी मदतीचं पान उघडलं. ते तिनंच लिहिलं होतं. सहा मिनिटं गेली, सावकाश वाचणाऱ्याला लागतात तेवढी. मग कमांड आली, 'जॉब' फ्लॅगसकट, बिनचूक. सोबत 'वॉच': एकदा विचारून जायचं नाही, बघत राहायचं.

वेदश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वाजले, सहा वाजले. वॉच चालूच.

"येतेस ना?" जयलक्ष्मीनं पर्स उचलली.

"तू हो पुढं."

मग त्यानंही आता घरी जावं म्हणून तिनं स्वतःचा जॉबच बंद केला. जॉब थांबला की वॉच आपोआप तुटतो. टूलमधला तो नियमही तिनंच लिहिला होता.

स्थिती: बंद. बघणारे: एक.