वजन घटलं, टाळ्या वाजल्या

मित्रांनो, आधी बूट पुसा आणि मगच जवळ या. मी एक जुना वजनकाटा आहे, आणि माझ्या पाटावर चिखल आणलेला मला अजूनही खपत नाही. घरोघरी पलंगाखाली सरकवून ठेवतात तसला चपटा काटा मी नव्हे हं! मी मालाच्या गोदामातला. खाली रुंद लोखंडी पाट, मागे उंच खांब आणि खांबावर ताटाएवढी तबकडी. कारखान्यात मला पारखून तपासनिसाने पाठीवर शिक्का मारला, तेव्हा आनंदाने माझी सुई कितीतरी वेळ थरथरत होती. आता रंग उडालाय, पण सुई अजून खरं बोलते. तेवढा एक माज मला आहे.

आमच्या गोदामात लांबून पेट्या येत. पाठवणाऱ्याने पेटीवर वजन लिहिलेलं असे, आणि इथे पोचल्यावर मी ते ताडून बघायचं. जास्त भरलं तर कोणी ढुंकूनही बघत नसे. पण कमी भरलं की हलकल्लोळ! वाटेत काही गळलं, सांडलं, की कोणी हात मारला? आमचे साहेब खुर्चीतूनच ओरडत, "तूट! बाजूला घ्या, फोडा, आत बघा!" पेटीच्या पोटात काय झालंय ते कळेपर्यंत कोणाला चहा गोड लागत नसे.

साहेब अंगाने इतके सडपातळ, की पाठीमागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. त्यांना मात्र त्या अंगकाठीचा भारी अभिमान. जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर उभे राहून ते ऐकवत, "बघा, कॉलेजात होतं तेवढंच वजन!" जिना चढला की त्यांचा भाता सुरू होई, पण ते मोजायला माझ्याकडे तबकडी नव्हती, आणि विचारलंही नव्हतं कोणी.

एकदा त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. जो सगळ्यात जास्त वजन उतरवेल, त्याला पंख्याखालची गादीची खुर्ची कायमची मिळणार! हे ऐकून पॅकिंगवाल्या ताईचे डोळे चमकले. ती दिवसभर उभी राहून खोकी बांधायची. अंगाने भरलेली, म्हणून सगळे तिला गोणीताई म्हणत. तीही हसायची. पण तिचं टेबल माझ्यासमोरच होतं, त्यामुळे लोकांकडे पाठ फिरवल्यावरचा तिचा चेहरा मला दिसायचा. तो मुळीच हसरा नसे. माझ्या लोखंडी जिवालाही ते टोचायचं.

स्पर्धा सुरू झाली आणि माझी झोप उडाली. पेटीतल्या मालाचं वजन काढताना खोक्याचं आणि गोणपाटाचं वजन वजा करतात, त्याला इथे बारदाना म्हणतात. आता जो तो स्वतःचाच बारदाना वजा करून मागू लागला. कोणी बुटांचा, कोणी पट्ट्याचा, कोणी नुकत्याच खाल्लेल्या जेवणाचा! रणगाडा नावाने ओळखला जाणारा आमचा अगडबंब हमाल तर म्हणाला, "साहेब, माझ्या मिशांचा बारदाना धरा की!" साहेबांनी तो धरला नाही. रणगाडा महिनाभर रुसून होता, आणि रुसला की तो दुप्पट जेवायचा.

वजन कोणाचंच हलेना. हलत होतं ते फक्त ताईचं. दर आठवड्याला सुई खाली. सगळे तोंड भरून कौतुक करू लागले. "ताई, ओळखूच येत नाहीस! करतेस तरी काय?"

"काही नाही हो," ती लाजून म्हणायची, "नुसती तहान लागते. पाणी पिते सारखी."

झालं! अख्खं गोदाम घटाघटा पाणी पिऊ लागलं. पाण्याचं पिंप दुपारीच कोरडं पडे, आणि मुतारीबाहेर अशी रांग लागे की माल उतरवायला माणूस मिळत नसे.

मला मात्र धडकी भरली होती. पूर्वी ताई धप्पकन पाटावर यायची. आता ती माझा खांब घट्ट धरून चढायची. पण मला सांगता येतो तो एकच आकडा. तो मी सांगितला, की टाळ्या वाजायच्या. मी इतका हताश कधीच नव्हतो.

शेवटचा दिवस उजाडला. साहेब चष्मा नाकावर घेऊन तबकडीसमोर बसले. पाटावर कोण आहे ते न बघता त्यांनी जुना आकडा पाहिला, सुई पाहिली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खेकसले, "तूट! एवढी तूट? बाजूला घ्या, फोडा, आत बघा!"

हशा पिकला. साहेबही हसले. रणगाडा तेवढा हसला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "पेटी असती तर आपण कधीच उघडून बघितली असती."

हसू जागच्या जागी विरलं. ताई हळूच माझ्या पाटावरच टेकली. "थकायला होतं हो फार. काल घरी जाताना जिन्यातच बसले."

"अहो, मग बोलायचं नाही का?" साहेब रडवेले झाले.

"काय बोलू? आयुष्यात पहिल्यांदाच सगळे मला चांगलं म्हणत होते."

साहेबांनी तिला मालाच्या टेम्पोतूनच दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर भलतीच वाढली होती. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. तिथला जिना चढून साहेब धापा टाकत होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांचाही रक्तदाब तपासला. तो आभाळाला टेकलेला. "पण माझं वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे!" साहेब म्हणाले. "रक्तदाबाला तुमचं कॉलेज ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या गोदामालाच तपासायला बोलावलं. रणगाड्याला गुडघ्यांसाठी थोडं हलकं व्हायला सांगितलं, पण त्याचा दम बघून त्या खूश झाल्या.

औषधपाणी सुरू झालं आणि ताई कामावर परतली. वजन बघून कळवायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ती खांबाला हात न लावता धप्पकन पाटावर आली, आणि माझी सुई वर सरकली. मग रणगाड्याने टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनी. वाढलेल्या वजनाला टाळ्या पडलेल्या मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या. त्या दिवसापासून तिला कोणी गोणीताई म्हणालं नाही.

मित्रांनो, मला जरूर विचारा, मी खरंच सांगेन. पण झोप लागते का, दम लागतो का, मन खूश आहे का, हे मला कळत नाही. ते एकमेकांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि माझ्यावर उभं राहताना पोट आत ओढून धरू नका. माझी सुई त्याने तसूभरही हलत नाही. मोकळा श्वास घ्या. त्याचं वजन मी कधीच धरलेलं नाही.