शून्य शब्द

बाबांचा लॅपटॉप अकरा वर्षांचा होता आणि चालू व्हायला अर्धा तास घ्यायचा. बटण दाबून आई भाजी निवडायला बसे. भाजी निवडून होई तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच असे. शेवटचे आठ महिने अंथरुणात पडल्यापडल्या बाबा त्यावर रोज काहीतरी लिहीत. ते गेल्यावर आईनं माझ्याकडे एकच मागणं केलं.

"जगाचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस, हा एवढा नीट चालता कर. ह्यांनी काय लिहिलंय ते मला वाचायचंय."

जुन्या यंत्रात विंडोजच्या जागी हलकंसं लिनक्स घातलं की ते पुन्हा उठून बसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. डिस्कला हात लावण्याआधी तिची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढायची, ती पाकिटात घालून वर तारीख टाकायची, हा माझा नियम, आणि त्यावरून दुकानात माझी यथेच्छ टिंगल होते. त्या सकाळी मी नक्कल काढली नाही. पेनड्राइव्ह लावला, 'संपूर्ण डिस्क पुसा' ही ओळ निवडली आणि बटण दाबलं. चुकून झालं असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही.

कारण बाबा गेले त्या गुरुवारी आई बाहेर होती आणि घरात मी एकटाच होतो. त्यांच्या उशाशी हातघंटी असायची. ती तीनदा वाजली, मी पलीकडच्या खोलीत ऐकली, आणि सकाळपासूनची ही कितवी हाक म्हणून वैतागून जागचा उठलो नाही. आईला सांगितलं, झोपेतच गेले. लॅपटॉप त्यांच्या छातीवर उघडा होता. शेवटी काय लिहिलंय ते बघायचं धाडस मला झालं नाही. आईनं ते कधीही बघू नये एवढंच मला हवं होतं.

दुपारपर्यंत काम झालं. यंत्र आता मिनिटभरात सुरू होत होतं. मी एक कोरी फाइल केली आणि तिला 'बाबांची वही' असं नाव दिलं. आईला ती रिकामी दिसली, की जुन्या डिस्कमध्ये मजकूर खराब झाला म्हणून हात झटकायचे, असा माझा बेत होता.

आईनं चष्मा लावला, फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"सोमवार. आज पायाची सूज जरा उतरली."

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पान पांढरंफटक होतं. खालच्या पट्टीवर आकडा होता : शब्द ०. बिचारी मनानंच जुळवतेय असं वाटून मला भरून आलं. तेवढ्यात ती हसली.

"दाढी करताना तू ह्यांना हनुवटीखाली कापलंस होय रे? आणि मला सांगायचं नाही असं ठरवलंत दोघांनी?"

ते खरंच ठरलं होतं, आणि आम्हा दोघांतच ठरलं होतं.

तेव्हापासून सकाळची कामं आटोपली की ती एकच दिवस वाचते, पुरवून पुरवून. मी फाइल काढून टाकली, तर तिनं दुसरी कोरी फाइल उघडून कालच्या पुढून सुरुवात केली. मी डिस्क पुन्हा पुसली, तर म्हणाली, "किती छान पळतोय रे आता!" आवाज तिचाच असतो. दम घ्यायला मधेच थांबते ती मात्र बाबांसारखी. मला जेवण जात नाही, आणि थांब म्हणायचीही सोय नाही, कारण का थांब ते सांगावं लागेल.

काल बुधवार वाचून झाला. आज मी दुकानात निघालो होतो, तर तिनं शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस जरा. डोळे दुखतायत माझे. आजचं तू वाच."

तिनं चष्मा काढून घडी करून ठेवला. मी बसलो. पान पांढरं होतं, खाली शून्य होतं. इथे काहीच नाहीये गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"गुरुवार," मी वाचलं. "घंटी तीनदा वाजवली. तो घरातच आहे."