लेकीच्या नावाचा जीवाश्म

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. माणूस तापट, आणि मीही काही गोडबोली सून नव्हे; म्हणूनच आमचं जमतं. जीवाश्मांच्या ज्या विभागात मी नोकरी करते, तो त्यांनीच उभा केला. निवृत्त झाले तरी दुपारी येऊन माझ्या टेबलाशी ठाण मांडतात.

त्यांनी आयुष्य घालवलं ग्रॅप्टोलाइटपायी. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणारे हे बारके जीव, कधीच नामशेष झालेले. काळ्या दगडावर उरते ती पेन्सिलीची रेघ, कडेला करवतीचे दात. एकेक दात म्हणजे एकेका जिवाचं घर. पहिल्यातून दुसरं फुटतं, दुसऱ्यातून तिसरं, अशी वसाहत लांबत जाते. म्हणून दादा विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडायचे, की वसाहतीच्या पिल्लाला वेगळी प्रजाती समजू नका.

आणि स्वतः नेमके तिथेच फसले. त्यांची लेक, मी कधी न पाहिलेली माझी नणंद, शाळेत जायच्या आधीच तापानं गेली. त्याच वर्षी सापडलेल्या एका इवल्याशा, हुकासारख्या वाकलेल्या प्रजातीला त्यांनी तिचं नाव दिलं. घरात ते नाव कोणी काढत नाही. ते फक्त इथल्या एका खणाच्या लेबलवर आहे.

परवा मी एक नवा दगड फोडला. आत सगळ्या वयाच्या वसाहती शेजारी शेजारी: इवला हूक, मग जरा लांब, मग आणखी लांब, आणि शेवटी वीतभर. ही वीतभर प्रजाती दादांच्या जन्माआधीपासून सगळ्यांना ठाऊक, आणि तिच्या टोकालाही तोच हूक. नियम सरळ आहे. एकाच प्रजातीला दोन नावं पडली, तर आधीचं राहतं, नंतरचं रद्द होतं.

नवरा म्हणाला, गप्प बस, या वयात त्यांना कशाला त्रास. मला संताप आला. दादांनाच फसवून त्यांच्या विभागात काम करायचं? पण सांगायला जीभ रेटेना, म्हणून दगड मुकाट्यानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूला झाले.

आधी ते तडकले. दगड दबून आकार बिघडलेत म्हणाले, घाई करतेस म्हणाले. मग लहानापासून मोठ्यापर्यंत आणि परत, बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे ही पुढे मोठी झाली," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्यांनी खणातून लेकीच्या नावाचा दगड काढला, लेबल खिशात घातलं आणि दगड स्वतः नेऊन त्या जुन्या प्रजातीच्या खणात ठेवला. मग तिथेच खुर्ची ओढून बसले.

"यातली सगळ्यात मोठी कुठली? ती काढ बघू."

मी ती काढून त्यांच्या हातात दिली.