आईविरुद्ध आजीचा अर्ज

एक ऑक्टोबरला माझी आई सान मारिनोची राष्ट्रप्रमुख झाली. फार हुरळून जाऊ नका. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी दोन नवे राष्ट्रप्रमुख बसतात, त्यांना कॅप्टन म्हणतात, आणि देश एवढासा, त्यामुळे प्रत्येकाच्या गोतावळ्यात कुणी ना कुणी कॅप्टन होऊन गेलेलंच असतं. एरवी आई औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकते. त्या दिवशी मात्र बँड वाजला, सैनिकांनी सलामी दिली, आणि घरात पाऊल टाकताच बाईसाहेबांनी पहिला हुकूम सोडला.

"फियाम्मा, सहा महिने ढोल बंद."

"काय? अगं, वीस तारखेला निवड आहे!"

आमच्या धनुर्धाऱ्यांच्या मिरवणुकीपुढे जे ढोलपथक चालतं ना, त्यात एकच जागा रिकामी होती. ती माझीच, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. फक्त पथकाला कळवायचं बाकी होतं.

"खालचे पेत्रोनिओ रोज जिन्यात अडवून 'तो ढोल, तो ढोल' करतात," आई म्हणाली. "देशाच्या प्रमुखाच्याच घरातून असला धिंगाणा? शोभतं का?" आणि ढोलाच्या काठ्या तिने चक्क स्वतःच्या पर्समध्ये कोंबल्या.

मी तडक देल्फिनाआजीकडे गेले. ही आईची आई. ती तव्यावर पियादीना, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्या, भाजत होती. माझं रडगाणं ऐकून तिने गॅसच बंद केला.

"रविवारी वर राजवाड्यात जाऊ. अर्ज देऊ."

नवे कॅप्टन बसले की पहिल्या रविवारी कुणीही सज्ञान नागरिक रांग लावून त्यांच्या हातात अर्ज ठेवू शकतो. मी पंधराची, म्हणून सही आजीची. अट एकच, विषय साऱ्या लोकांच्या हिताचा हवा.

"पण हे तर माझ्या एकटीच्या हिताचं आहे," मी म्हटलं.

"लिहायला काय जातंय?" असं म्हणून आजीने वर ठळक मथळा दिला: 'प्रजासत्ताकातील होतकरू तरुणाईची गळचेपी'.

रविवारी रांगेत बघतो तर आमच्या पुढेच पेत्रोनिओ! इस्त्रीचा कोट, काखेत फाईल.

"तुमचा अर्ज कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यापायीच आलोय," आजी फणकारली.

"वा. मी तुमच्या नातीपायी."

दालनात दोन खुर्च्या. एकीवर आई, गळ्यात पदकाची साखळी. दुसरीवर एवारिस्तो, गुरांचे डॉक्टर आणि आईच्या विरोधी पक्षाचे. दोघांचा अधिकार अगदी सारखा. एकाने हो म्हटलं तरी दुसरा नाही म्हणून अडवू शकतो. आम्हाला पाहून आईचा चेहरा असा झाला, जणू खोकल्याची अख्खी बाटली तिनेच प्यायली.

"महामहिम म्हणा," दारावरचा अधिकारी आजीच्या कानात पुटपुटला.

"महामहिम," आजी कडाडली, "मफलर कुठाय तुझा? बाहेर गारठा बघ!"

एवारिस्तोंनी अर्ज वाचला. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. "बाईसाहेब, मला तर प्रकरण गंभीर वाटतं. ढोल ऐकल्याशिवाय ठरवायचं कसं?"

आजीने टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला ढोल पुढे केला. आजी कधी रिकाम्या हाताने जात नाही.

"माझा नकार!" आई ओरडली.

"पहिल्याच रविवारी नकार? अभिनंदन!" एवारिस्तो खूश.

"आधी यांची तक्रार ऐका," म्हणत आईने पेत्रोनिओंची फाईल उघडली आणि विजयी सुरात वाचायला लागली. "'वरची मुलगी चार महिने एकच ठेका वाजवते. त्यातला चौथा ठोका प्रत्येक वेळी उशिरा पडतो. मी पथकात एकतीस वर्षं होतो. मला घास उतरत नाही. तिला कुणीतरी... शिकवावं...'" आईचा आवाज बसत बसत गेला. "जिन्यात तुम्ही हे सांगत होतात?"

"सांगू कुठे देता? 'तो ढोल' म्हणेपर्यंत तुम्ही 'माफ करा' म्हणून पळता!"

मला मात्र जाम राग आला. "उशिरा? माझा ठोका? मुळीच नाही!"

"मग वाजव," पेत्रोनिओ म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं, एवारिस्तोंकडे पाहिलं, आणि पर्समधून काठ्या काढून दिल्या. "नकार मागे."

मी वाजवला. चौथ्या ठोक्याला दारावरच्या सैनिकानेही डोळे मिटले. बाई गं. खरंच उशिरा पडत होता! आधी आई हसली, मग सगळं दालन.

"दोन्ही अर्ज अमान्य," डोळे पुसत ती म्हणाली. "यात लोकहित कसलंच नाही."

"मान्य," एवारिस्तो म्हणाले. दोघांचं एकमत झालं, म्हणजे देश चालला.

मग आई खुर्चीवरून उठून पेत्रोनिओंजवळ आली. "शिकवाल का हो हिला?"

"रोज पाच ते सहा, खालच्या गॅरेजात. रडायचं नाही."

दोन आठवड्यांत मी तीनदा रडले, पेत्रोनिओ दोनदा. वीस तारखेला चौथा ठोका असा काही वेळेवर पडला की आनंदाने माझी उजवी काठीच निसटली आणि पथकप्रमुखांच्या टोपीला लागून खाली पडली. पेत्रोनिओंनी तोंड झाकून घेतलं.

प्रमुखांनी काठी उचलून मला दिली.

"ठेका पक्का आहे. घेतली तुला," ते म्हणाले. "पण मिरवणुकीत माझ्या मागे नाही, शेजारी चालायचं."