डावीकडून दुसरी सोंगटी

विषय : राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या आघाडीत गडी चार असावेत की पाच, याबाबत.
संदर्भ : माझ्या अंगावर रोज संध्याकाळी चाललेली हलवाहलव.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, बदनापूरच्या शरदचंद्रांच्या ओसरीतला कॅरमबोर्ड, बोलतोय. मला कोणी विचारलेलं नाही. पण सगळा विचार माझ्याच अंगावर झाल्यामुळे गप्प बसवत नाही.

माझा जन्म जालन्याचा, १९४८ सालचा. निजामाच्या एका कचेरीच्या क्लबाने मला मागवलं होतं. सुताराने पॉलिशचा शेवटचा हात फिरवला आणि ते सरकारच गेलं. नव्या सरकारला मी कोणासाठी केलेला आहे याचा पत्ता लागेना. म्हणून मला गोदामात सरकीच्या पोत्यांखाली सुरक्षित ठेवण्यात आलं. त्या सुरक्षिततेत माझा डावा कोपरा खाली बसला. पुढे लिलावात शरदचंद्रांनी मला घरी आणलं.

शरदचंद्र रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. तरुणपणी हैदराबादेत फुटबॉल खेळलेले. मराठवाड्याचाही एक माणूस असावा म्हणून त्यांना राष्ट्रीय निवड समितीवर घेतलं. तोवर माझे दिवस बरे होते. दुपारी त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई शेजारणींना बोलावत आणि हरवून परत पाठवत. राणी घेण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं.

मग १९६० साल उजाडलं. परदेशात मोठी स्पर्धा होती. समितीने सभासदांना विचारलं : पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन ही जुनी रचना ठेवावी, की पुढे चारच ठेवून मागची फळी वाढवावी? अभिप्राय कळवावा.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. माझ्यावर भारतीय संघ उतरला. पांढऱ्या सोंगट्या नऊच, म्हणून उरलेल्या दोन जागी सुपाऱ्या आल्या. त्यातली एक गोलरक्षक. शेजारचा मच्छिंद्र वाद घालता घालता गोलरक्षक तोंडात टाकी. काळ्या संघाला सुपाऱ्या मिळाल्याच नाहीत, त्यामुळे त्यांना गोलरक्षकही नव्हता. भारत त्या ओसरीत एकही सामना हरला नाही. चेंडूचं काम राणीकडे होतं.

पायरीवर कडूबा बसलेला असे. हा भोकरदनकडचा, रेल्वेच्या संघातून खेळणारा, सध्या रजेवर. संभाव्य खेळाडूंत त्याचं नाव होतं. आघाडीत त्याची जागा डावीकडून दुसरी. पाच राहिले तर तो राहणार होता. चार झाले तर कापला जाणारा तोच, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिशी उलटली होती. पुन्हा त्याला कोणी बोलावणार नव्हतं. वाऱ्याने माझ्यावरची पावडर उडाली की तो वाकून एकच सोंगटी फुंकून साफ करी.

एका संध्याकाळी शरदचंद्रांनी मधोमध ठेवलेल्या राणीला टिचकी मारली. ती घसरत घसरत डावीकडे आली आणि दुसऱ्या सोंगटीला टेकली. पुन्हा मारली, पुन्हा तिथेच.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "हल्ल्याचा नैसर्गिक ओघच डावीकडे आहे. पाचच ठेवायचे!"

"बिलकुल बराबर!" मच्छिंद्र म्हणाला. "कडूबा, मंग आता इमानात बसतो तू. खिडकीतून थुंकू नको फक्त."

कडूबा हसला. इतक्या दिवसांत मी प्रथमच त्याचं हसणं ऐकलं.

शरदचंद्रांनी अभिप्राय लिहायला घेतला, तोच प्रेमलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"अहो, ओघ कसला? बोर्डाचा कोपरा बसलाय. माझी राणी इतकी वर्षं तिकडेच जातेय. तुम्हाला काय वाटलं, मी एवढी चांगली खेळते?"

 मच्छिंद्र म्हणाला, "वैनी, हे तुम्ही उद्या बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

शरदचंद्रांनी कडूबाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "थोडा उतार मैदानालाही असतोच," ते हळूच म्हणाले.

कडूबा उठला. घोट्याला बांधायची पट्टी त्याने खिशातून काढली, घडी केली आणि माझ्या डाव्या कोपऱ्याखाली सारली. गोदामातून निघाल्यापासून मी प्रथमच सरळ झालो.

"टाका साहेब आता."

"कडूबा, राहू दे."

"न्हाई साहेब. तिथं गेलो अन् चेंडू आलाच न्हाई, मंग? टाका."

राणी सरळ गेली. दुसऱ्यांदाही सरळच. डावीकडून दुसरी सोंगटी होती तिथेच पडून राहिली. कडूबाने वाकून तिच्यावर बोट ठेवलं.

"तिला पाय न्हाईत साहेब," तो म्हणाला. "असते तर गेली असती की चेंडूवर."

शरदचंद्रांनी लिहिलेला कागद फाडला. नव्यावर लिहिलं : चार की पाच हे बोर्डावर ठरवता येत नाही. कडूबा यास मैदानावर खेळवून पाहावे व मग रचना ठरवावी. चाचणीसाठी कडूबाचा अर्ज सोबत जोडला.

अर्ज मिळाल्याचं समितीचं उत्तर आलं, ते एवढंच. कडूबाने रजा वाढवली. रुळांपलीकडच्या माळावर तो रोज धावतो आणि परत आला की पायरीवरून नुसता मान वर करून विचारतो. शरदचंद्र नाही अशी मान हलवतात.

पट्टी आली तेव्हापासून प्रेमलाबाई शेजारणींकडून रोज हरतात आणि ती काढा म्हणून रोज सांगतात. "उत्तर येईपर्यंत नाही," असं त्यांना सांगण्यात येतं. त्यांचा डाव उरकला की आघाडीच्या सोंगट्या एका संध्याकाळी पाच मांडल्या जातात, दुसऱ्या संध्याकाळी चार, आणि मागे एक सुपारी वाढते. पाचवी सोंगटी तेव्हा माझ्या चौकटीवर बसून असते. माझी विनंती एवढीच, की तिला कुठेतरी एकदाचं ठेवा.

तूर्त कडूबाचा अर्ज समितीपुढे प्रलंबित आहे.