गाताना पडणारी कवळी

वरच्या कवळीची कड घासता घासता त्याने मोटर बंद केली. दारात एक म्हातारी बाई तोंडावर रुमाल धरून उभी होती, आणि ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"डॉक्टरांनी पाठवलं," ती रुमालाआडून म्हणाली. "म्हणाले, मी हात टेकले, आता बनवणाऱ्यालाच गाठा."

त्याने स्टुलावरची प्लॅस्टरची पिशवी खाली ठेवली आणि तिला बसायची खूण केली. खुणेवर भागत असेल तिथे तो बोलत नसे. दातांच्या दवाखान्यांसाठी तो कवळ्या बनवायचा. घरमालक ओळख करून देताना म्हणायचा, लोक एकमेकांचे दात घशात घालतात, हा गृहस्थ तोंडात घालतो. पण ज्यांच्या तोंडात घालायचे ती माणसं या मागच्या खोलीत कधी यायची नाहीत. यायचे ते त्यांच्या जबड्यांचे साचे, आणि साचे गप्प असत.

"काय होतं?" त्याने विचारलं.

त्याचा आवाज वाळूवर पत्रा ओढल्यासारखा होता. तो ऐकून बहुतेक माणसं नजर चुकवत, नाहीतर तोच बहिरा असल्यासारखं त्याच्याशी मोठ्याने बोलत. बाईने तसलं काही केलं नाही.

"वरची पडते."

"जेवताना?"

"छे. जेवायला अगदी गुणाची आहे. गाताना पडते."

त्याने हात पुढे केला. बाईने भिंतीकडे तोंड फिरवून कवळी काढली, रुमालाने पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्यानेच बनवलेली होती. पुढच्या दातांची किंचित तिरपी ठेवण त्याने ओळखली.

घशाचं ऑपरेशन होण्याआधी चर्चच्या मंडळीत त्याला सगळे सूरमास्तर म्हणत. रविवारच्या उपासनेत तो पुढे उभा राहायचा, पहिली ओळ एकट्याने उचलायचा, आणि मागून सगळं चर्च यायचं. बायको गेली त्याच्या पुढच्याच रविवारीही तो उभा राहिला होता. लोकांचे डोळे भरून आले, त्याचा सूर हलला नव्हता. घरी संध्याकाळी दोघं मिळून एक गीत म्हणत, ते त्याने एकट्याने चालू ठेवलं. मग डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला.

काही दिवस तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. गीताच्या वेळी सगळ्यांबरोबर उठायचा आणि ओठ मिटून उभा राहायचा, परक्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखा. पुढे तेही सोडलं. चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन गेले. "सूरमास्तर, देवाला आवाज लागत नाही, मन लागतं," असं त्यांनी फार मायेने सांगितलं. त्याने मान हलवली, त्यांना चहा करून दिला, दारापर्यंत सोडायला गेला. ज्यांना आवाज आहे त्यांना असं म्हणता येतं, एवढंच त्याच्या मनात आलं. एकदा संध्याकाळी त्याने तोंड उघडून पाहिलं होतं. जे निघालं ते ऐकून तो उठला आणि खिडकी लावून घेतली. ज्याच्या घरी इतकी वर्षं भरल्या हातांनी गेलो, त्याच्या दारात आता रिकाम्या हातांनी काय जायचं? जेवणाआधी तो अजून मान खाली घालून डोळे मिटायचा. पण ती मानेची सवय होती.

"रविवारी फारच पंचाईत होत असेल," तिच्या गळ्यातला क्रूस पाहून तो म्हणाला.

"रविवारचं काय घेऊन बसलात भाऊ? चर्चच्या पायऱ्या माझ्याने चढवत नाहीत आता." कवळीवाचून तिचे शब्द मऊ पडत होते. "मी घरीच गाते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. परवा बादलीत पडली ही. साबणाच्या पाण्यात दात शोधत बसले होते."

त्याच्या घशातून काहीतरी निघालं. बहुधा हसू होतं.

"घरी कोण असतं, मावशी?"

"कोणी नाही. लेक फोन करते."

"म्हणजे एकटीच गाता."

बाईने क्षणभर विचार केला.

"तुमच्या हिशेबाने, एकटीच."

तो दिव्याकडे वळला. कवळीची कड बोटाने चाचपत गेला. वरच्या ओठाच्या आत मधोमध जी शीर असते, तिच्यासाठी ठेवलेली खाच उथळ होती. बोलण्यापुरतं तोंड उघडलं तर चालत होतं. उंच सुरासाठी ओठ ताणला की शीर कड ढकलत असणार. एवढंच. त्याने मोटर सुरू केली, खाच खोल केली, कडेला हात मारला, धुऊन दिली.

"गाऊन दाखवा."

"इथे?"

"त्याशिवाय कळणार कसं?"

बाईने कवळी बसवली, जीभ फिरवून पाहिली, मग दोन्ही हात मांडीवर ठेवून गायला लागली. गीत त्याच्या ओळखीचं होतं. किती वेळा त्याने ते उचललं होतं. तिचा आवाज पातळ आणि कापरा होता, आणि भांड्यांच्या आवाजावर मात करायची सवय असल्यासारखा जरा मोठा. तो डोळे मिटून कवळीची टकटक ऐकू लागला. पहिल्या ओळीला नाही. दुसरीला नाही. तिसरीत सूर वर जात होता, आणि तिथे बाई उतरली. कवळी जागच्या जागी होती. उतरला होता सूर.

त्याचा हात आपोआप वर गेला. तळवा आकाशाकडे, बोटं जरा वाकलेली. चर्चमध्ये बायकांचा सूर पडला की तो असाच हात उचलायचा. डोळे उघडले तेव्हा बाई त्या हाताकडे पाहत होती, आणि पाहता पाहता चढत होती. पोचली. कडवं संपलं तेव्हा त्याचा हात तसाच हवेत राहिला होता. त्याने तो खाली घेऊन अॅप्रनला पुसला.

"पडली नाही," बाई म्हणाली.

"नाही."

"हात तर गाणं शिकवणाऱ्याचा दिसतो तुमचा. तुमच्या मंडळीत गीत कोण उचलतं?"

तो अवजारं सरळ करू लागला.

"होता एकजण. घसा गेला त्याचा."

"वारला?"

"नाही."

"मग?"

तिने टोमणा मारला नव्हता. पुढे काय झालं ते खरंच ऐकायचं होतं तिला. स्टुलावर जरा पुढे सरकून ती वाट पाहत होती. सांगण्यासारखं पुढे काही नव्हतं. त्याने कानसेचं टोक कपड्याने पुसलं, पुन्हा पुसलं. बाहेर कोणीतरी सायकल उभी केली. शेवटी बाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"येते भाऊ. भांडी पडलीत सकाळची."

ती गेल्यावर त्याने पुढचा साचा ओढला. एक खालचा जबडा, एका बाजूने जास्त झिजलेला. हा माणूस वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत असणार. पायाखाली मोटरचं बटण होतं. त्यावर पाय ठेवून तो तसाच बसून राहिला. मग पाय उचलला.

त्याने उचललेली गीताची पहिली ओळ निम्म्यात फाटली. दुसरीचा सूर मुळात लागलाच नाही, नुसता श्वास शब्दांवरून घासत गेला. या वेळी तो खिडकीकडे गेला नाही. साच्यावर मेण बसवता बसवता, जे निघत होतं ते निघू देत, तो तिसऱ्या ओळीकडे गेला.

"काका?"

दवाखान्यातली मदतनीस तयार कवळ्या न्यायला आली होती. दारातच ती थबकली.

"काही म्हणालात का?"

"तुला नाही, पोरी."

तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. मग स्टूल अलगद ओढलं आणि त्याचं गीत संपेपर्यंत बसून राहिली.